बासुंदीवाल्यांची रांग

“तुमच्याबरोबर आणखी कुणाला त्या म्हशीची लाळ लागली होती का?” सिस्टरनं फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, आणि मी म्हणालो, “नाही.” चहात साखर किती, असं कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तितक्या सहज. तिनं रकान्यात फुली मारली, दंडावर कापूस दाबून धरायला सांगितला. म्हणाली, “झालं काका. तुमचे दोनच डोस. आधीचे घेतलेत ना, म्हणून. नशीबवान आहात.” मी बाही खाली ओढली आणि बाहेर आलो. सांगलीतल्या विश्रामबागेतली शुक्रवारची सकाळ, रिक्षावाल्यांची भांडणं, रसवंतीच्या चरकाला बांधलेले घुंगरू. सगळं रोजच्यासारखं चाललेलं, आणि मला मात्र त्या फुलीनं कुठंतरी टोचलं. धनाजीचा उजवा हात मनगटापर्यंत लाळेनं माखला होता. मागच्या शुक्रवारी, गोठ्यात, माझ्या शेजारी. आणि त्याच्या बोटांच्या मागच्या बाजूला उसाच्या पानानं चिरलेल्या तीन रेघा होत्या, ताज्या, लालभडक. मी त्या पाहिल्या होत्या. बत्तीस वर्षं जनावरांच्या अंगावरचे ओरखडे बघण्यात गेलेल्या माणसाला त्या दिसणार नाहीत तर कुणाला दिसणार? धनाजी माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा तो नववीत होता. तेव्हापासून त्याला माझा शब्द म्हणजे देवाचा शब्द.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. फलटण, शिरवळ, खटाव, मग शेवटची सहा वर्षं वाळवा. गावातली माणसं मला डॉक्टर म्हणत, ऑफिसात मात्र “अहो सुपरवायझर” अशी हाक. माझ्या हाताखाली शिकून गेलेली पोरं पदवीचा कागद घेऊन परत आली आणि माझ्याच खुर्चीसमोर उभी राहून मला लस कुठल्या फ्रीजमध्ये ठेवायची ते शिकवू लागली. ज्यांना गाय गाभण आहे की नाही हे पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही ती! मी नुसता हसलो. हसणं हे माझं हत्यार आहे, नोकरीत तेवढं एकच मिळालं. साहेबाला हसलो, पदवीवाल्यांना हसलो, आणि गावाला तर हसतच आलो. आजारी रेड्याच्या शेपटीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना, ताप आला की सलाईनच लावा म्हणणाऱ्यांना, आणि सुई बघून दातखीळ बसणाऱ्या धडधाकट पैलवानांनाही. भित्र्या माणसाइतकं किळसवाणं मला जगात दुसरं काही वाटत नाही. माझी बायको मंगल म्हणते, “तुम्ही माणसाकडं बघता ना, तेव्हा त्याचे दात मोजल्यासारखं बघता.” खोटं नाही ते.

तो शुक्रवार. आष्ट्यापासून सात किलोमीटरवर आमचं गाव, आणि शेजारच्या आळीत सरपंचाच्या नातवाचं जावळ. तीनशे माणसांचं जेवण, आणि बासुंदीला दूध आमच्या घरच्या चांदीचं. चांदी म्हणजे धनाजीची म्हैस, दोन्ही वेळचं सोळा लिटर. मी सांगलीहून जेवायलाच गेलो होतो. पंगत उठत होती तेवढ्यात वहिनी धावत आल्या. चंद्राबाई, माझ्या भावाची बायको, धनाजीची आई. “भावजी, चांदी कसंतरी करतीया. घशात कायतरी अडाकलंय.” गोठ्यात गेलो तर तोंडातून लाळेच्या तारा लोंबतायत, मान पुढं ताणलेली, आवाज घोगरा, फाटका. सगळे म्हणाले उसाचं कांडं अडकलं. धनाजीनं आष्ट्याच्या सरकारी दवाखान्यात फोन लावला होता, स्पीकर चालू. पलीकडं डॉक्टर अंकिता, वय असेल सत्तावीस. तिनं लक्षणं ऐकली आणि एकदम म्हणाली, “तोंडात हात घालू नका. कुणीही. मी निघालेच, तासाभरात येते.” गोठ्यात वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हसलो. शर्ट काढून खुंटीला अडकवला, धनाजीला म्हणालो, “जीभ धर बाजूला,” आणि हात घातला. दाढा करकरल्या, माझी दोन बोटं सोलली गेली. आत काही नव्हतं. घसा मोकळा होता. तिथंच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं. तिचे मागचे पाय लटपटत होते, दोन महिन्यांपूर्वी उसातून आलेलं कोल्हं तिच्या नाकपुडीला चावून गेलं होतं, ते धनाजीनंच मला सांगितलेलं. सगळं डोक्यात एका ओळीत उभं राहिलं होतं. पण फोनवरची ती पोरगी माझ्याआधी तिथं पोचली होती. तिच्या मागून मी त्याच निष्कर्षावर कसा जाणार? म्हणून मी म्हणालो, “कांडं होतं, खाली ढकललं,” आणि हौदावर हात धुतले. धनाजीनं धुतले की नुसते टॉवेलला पुसले, ते मी बघितलं नाही. त्यानं अंकिताला फोनवर कळवून टाकलं, आता यायची गरज नाही.

रविवारी चांदी मेली. अंकितानं मेंदूचा नमुना पुण्याला पाठवला आणि गावात सांगितलं, पिसाळलेली होती म्हणून समजा. झालं! सोमवारी सकाळी आष्ट्याच्या रुग्णालयापुढं अख्खं गाव. मी मुद्दाम बघायला गेलो. तमाशा फुकट होता. ज्यांनी बासुंदी खाल्ली ते आले होते. तीन तास उकळून आटवलेली बासुंदी, तिच्यात कुठला जंतू जिवंत राहणार? पण त्यांना कोण सांगणार. मधुमेहामुळं ज्यांनी बासुंदीला हात लावला नव्हता तेही आले होते. का, तर शेजारच्या पानातला शिंतोडा उडाला. एक अंबूबाई म्हणून म्हातारी आहे, ती तर फक्त पातेली घासायला होती. ती रडत होती. सरपंच रांगेत सगळ्यांत पुढं, तोंडाला रुमाल. डॉक्टर ओरडून सांगत होते, उकळलेल्या दुधानं काही होत नाही, ज्यांनी जनावराला हाताळलं ते पुढं या, फक्त ते. कुणी ऐकत नव्हतं. ज्याला धोका नाही तो गळा काढतोय, आणि ज्यांना आहे ते दोघं फटफटीवर बसून हसतायत. कारण धनाजी माझ्याजवळ येऊन बसला होता. हातात केसपेपर होता. रांगेतून काढून आणलेला, नाव-वय घातलेला. “तात्या, मी बी घेऊ काय सुई?” त्यानं अगदी हळू विचारलं. आणि मी, गावातली दहा-बारा टाळकी ऐकतायत हे बघून, मोठ्यानं म्हणालो, “का रं? तू बी बासुंदीवाल्यांच्या रांगेत? मी खांद्यापर्यंत हात घातला होता, मी घेतोय का?” हशा पिकला. धनाजीही हसला. त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली. रांगेतून वहिनी मान उंचावून बघत होत्या. त्या त्याच रांगेतून ओरडल्या, “भावजी, त्याला सांगा की वो. त्यानं जीभ धरली हुती. तुमचंच ऐकतंय ते पोरगं.” मी म्हणालो, “वयनी, बासुंदी तुमी खाल्ली, सुई बी तुमीच घ्या.” पुन्हा हशा. त्या हशाचा आवाज मला अजून येतो.

मंगळवारी पुण्याचा अहवाल आला. पक्का. त्याच दुपारी मी मंगलला बी.पी. दाखवून येतो म्हणालो आणि विश्रामबागेत पहिली सुई घेतली. जाण्याआधी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून एक पिवळं पडलेलं कार्ड शोधलं होतं. फलटणला असताना खात्यानं आम्हा सगळ्यांना तीन-तीन सुया दिल्या होत्या, कुत्री धरणाऱ्या पथकात होतो म्हणून. तारखा, शिक्का, सगळं शाबूत. म्हणजे त्या गोठ्यात हात घालणारा मी चिलखत घालून उभा होतो, आणि शेजारी धनाजी उघडाबंब. मी हे विसरलो होतो का? किती छान झालं असतं विसरलो असतो तर. पण नाही. शर्ट काढताना मला ते कार्ड आठवलं होतं. त्याच्याच जोरावर मी हसलो होतो. बाकीचे भितात म्हणून त्यांना हसायचं, आणि स्वतःचं कार्ड पेटीत जपून ठेवायचं. अशा माणसाला काय म्हणतात? मला शब्द माहीत आहे. आयुष्यभर तोच दुसऱ्यांसाठी वापरलाय.

शुक्रवारी दुसरी सुई घेऊन घरी आलो आणि फोन लावला. किती साधं काम होतं. धनाजी, जा आणि सुई घे, मी पण घेतलीय. तेवढं एक वाक्य. त्यानं उचलला, मागं दूध संकलन केंद्राचा गोंधळ ऐकू येत होता. “बोला तात्या.” मी म्हणालो, “अरे, ते तुझं... हाताचं काय?” “हाताचं काय?” “म्हणजे, एकदा घेऊन टाकली असतीस सुई तर बरं.” तो मोठ्यानं, आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काय तात्या! तुमी बी बासुंदी खाल्लासा व्हय?” पलीकडं चार माणसं हसली. माझंच वाक्य, माझाच सूर, वाक्याच्या शेवटी तो खर्जातला झटकासुद्धा माझा. मी शिकवलं नव्हतं, त्यानं बघून उचललं होतं. वासरू जसं गायीचं बघून चरायला लागतं. आणि मी काय केलं? मी पण हसलो! “तसं नाही रे, गंमत केली,” म्हणून फोन ठेवला. मंगल दारात उभी होती. “कुणाची गंमत?” “कुणाची नाही,” मी म्हणालो. दिवसातलं दुसरं “नाही”.

शनिवार गेला, रविवार गेला. स्वतःची समजूत काढायला सबबी कमी पडत नाहीत. रविवारी रुग्णालयात कोण असतं? शिवाय हातावरची चीर जुनी असेल. शिवाय लाळ लागली तरी शंभरातल्या शंभर जणांना होतं असं थोडंच. हीच सबब दुसऱ्या कुणी माझ्यापुढं मांडली असती तर त्याची मी भर चौकात सालटी काढली असती. रविवारी मंगलनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला आणि मला खटावचा केरबा आठवला. केरबा मेंढपाळ. उन्हाळ्यात त्याच्या मेंढरांचं खांड आमच्या दवाखान्यामागच्या माळावर बसायचं. त्याच्या कुत्र्यानं त्याला पोटरीला धरलं होतं, कुणाला सांगितलं नाही, हळद भरली. दोन महिन्यांनी त्याच्या मुलानं मला बोलावलं, मेंढरं सोडून, बापाला बघा म्हणून. झोपडीत तांब्या पुढं केला की त्याचा गळा आतून आवळायचा, डोळे पांढरे व्हायचे, आणि तहान तर अशी की ओठ फुटलेले. मध्येच शुद्ध आली तेव्हा मी विचारलं, “अरे, चावल्या चावल्या का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “घरचंच कुत्रं हुतं, सायेब.” तिसऱ्या दिवशी संपला. घरचं कुत्रं! मी हे सगळ्यांना गोष्टीसारखं सांगत फिरलो, हसत, बघा यांची अक्कल म्हणून. त्याला त्या कुत्र्यावर माया होती, म्हणून त्याला ते घातकी वाटलं नाही. एवढंच. आणि धनाजीचं घरचं कुत्रं मी आहे, हे मला त्या तांब्यात बघता बघता कळलं. तांब्या मी तसाच ठेवला. मंगल म्हणाली, “काय झालंय तुम्हाला?” मी तिला सगळं सांगितलं. कार्डासकट. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, “तो मेला ना, तर मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही. उद्या पहिल्या गाडीनं जा.” माझ्याकडं बघितलंही नाही.

सोमवारी पहिल्या गाडीनं गेलो. एस.टी.त माझ्या शेजारी बसलेला एक इसम मोबाईलवर काविळीवरचं कुठलं तरी मुळीचं औषध बघत होता, आणि मला नेहमीसारखी त्याची कीव आली नाही, हे माझ्या लक्षात आलं. संकलन केंद्रावर धनाजी कॅन उतरवत होता. आठ-दहा जण होते. मी रस्ताभर वाक्य घोटत आलो होतो. बोललो. “धनाजी, मी दोन सुया घेतल्या. सांगलीत. तू पण चल.” मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि बांध फुटावा तसे सगळे हसले. “डॉक्टर बी बासुंदीवाल्यात!” “आवं डॉक्टर, तुमी न्हाई म्हनलासा आन् आमी हसलो की वो!” धनाजी हसत नव्हता. तोंड लाल झालं होतं त्याचं, माझ्यासाठी लाज वाटत होती त्याला. मी त्याला सगळं समजावू लागलो. विषाणू कुठून शिरतो, नसेतून कसा वर सरकतो, हाताची जखम असली तर किती दिवस, पायाची असली तर किती. बरोबर माहिती, क्रमवार, माझ्या नोकरीतल्या भाषणासारखी. त्याच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. तो म्हणाला, “तात्या, सोडतो तुमाला स्टँडवर. ऊन लागलंय तुमाला.”

फटफटीवर मागं बसलो. आष्ट्यात शिरल्यावर रुग्णालयाच्या फाटकापाशी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबायला लावलं. उतरलो. तो उतरला नाही, इंजिन चालूच ठेवलं. रांग आत दिसत होती, गेल्या सोमवारची तीच माणसं, तिसऱ्या डोसाची. मी तोंड उघडलं आणि पुन्हा माहितीच बाहेर येणार असं वाटलं. आली नाही. तोंडातून बत्तीस वर्षं फक्त दुसऱ्यांची चेष्टा करायला वापरलेली गावची भाषा आली. “धन्या, मला भ्या वाटतंय रं. लय भ्या वाटतंय. तुझ्या बोटावरच्या चिरा म्या बघितल्या हुत्या. बघून बी गप बसलो. माझ्या सुया पैल्याच झाल्या हुत्या, फलटणला, म्हनून म्या हसलो. तुझ्या न्हवत्या झाल्या.” माझा आवाज चिरकत होता. अंबूबाईचा चिरकला होता तसाच. मला माझ्या त्या आवाजाची शिसारी आली, पण तो थांबवता येईना. धनाजीनं इंजिन बंद केलं. मोबाईल काढला, त्याचं कव्हर उचकटलं, आणि आतून चार घड्यांचा एक कागद काढला. केसपेपर. गेल्या सोमवारचा. “आठ दिस हितंच हाय,” तो म्हणाला. “रोज वाटायचं, जावं. रातीला झोप न्हाई तात्या. पर तुमी हसला असता.”

खिडकीवरच्या बाईनं सांगितलं, हा जुना, नवीन काढा. डॉक्टरनं हात पालथा करून चिरा बघितल्या, आता नुसत्या तपकिरी रेघा राहिल्या होत्या, आणि विचारलं, किती दिवस झाले? धनाजीनं माझ्याकडं बघितलं. “दहा,” मी म्हणालो. डॉक्टर नर्सला म्हणाला, लस द्या, जखमेत टोचायचं सीरमही काढा, आणि चिठ्ठीवर घाईनं लिहू लागला. त्या घाईचा अर्थ मला कळला. धनाजी आत गेला तेव्हा मी बाहेर रांगेच्या कडेला उभा राहिलो. बासुंदीवाले माझ्याकडं बघत होते. अंबूबाईनं पदर सावरून बाकावर सरकत जागा केली. वहिनी दंडावर कापूस धरून जवळ आल्या. गेला आठवडाभर त्यांनी धनाजीला किती विनवलं असेल, मला विचारायची हिंमत झाली नाही. त्यांनी शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो. त्या म्हणाल्या, “भावजी, तुमी आनलासा, लय उपकार झालं. आता काय काळजी न्हाई न्हवं?” सगळी रांग माझ्या उत्तराकडं बघत होती. माझं गाव, जे मला डॉक्टर म्हणतं.

“म्हाईत न्हाई, वयनी,” मी म्हणालो.